एकशे तीस पौंड हवा

मच्छिंद्र खेडकर आला तो चपला न काढताच आत आला.

नगरला सावेडीत पंकजा गुंजाळ हिची एवढीशी कचेरी. बाईमाणूस गुप्तहेर म्हटलं की लोक हसतात, आणि मुलीचं लग्न ठरलं की तेच लोक नवऱ्यामुलाची चौकशी करायला तिच्याकडेच येतात. मदतीला तिचा मावसभाऊ छगन, एस.टी.तला रिटायर कंडक्टर. त्याचं डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस इमानी.

"ताई, माझ्या पोरीला, सृष्टीला पाडली," मच्छिंद्र म्हणाला. "आमच्या गावातल्या सायकलवाल्या खाजाभाईनं पाडली. तुमी फकस्त पुरावा काढा. त्याचं दुकानच उठवतो गावातनं."

"नाव तुम्हीच सांगताय, मग मी काय करू? आरती?"

मच्छिंद्र मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

शनिवारी सकाळी सातला श्रीगोंद्याजवळ सायकलिंगची जिल्हा निवड शर्यत होती. एकोणीस वर्षांची सृष्टी पुढेच होती. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या वळणावर खडीवरून चाक सरकलं आणि ती पडली. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी चालेल, पण शर्यतीचं विसरा. प्रशिक्षक रंगनाथ सरांनी तिथल्या तिथं दोन्ही चाकांची हवा मोजली. पंच्याण्णव पौंड हवी होती, भरली एकशे तीस. आदल्या संध्याकाळी हवा खाजाभाईनं भरली होती.

दुसऱ्या दिवशी पंकजा आणि छगन गावात गेले. खाजाभाईचं दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक एक नव्हतं.

"कसला टायर आहे हा?" सोबत आणलेली सृष्टीची सायकल पुढे करत पंकजानं विचारलं.

"ट्यूब्युलर. आत ट्यूब शिवलेली असते आणि सगळा टायर रिमला डिंकानं चिकटवतात. पोरीचं वजन अठ्ठेचाळीस किलो, रस्ता खराब, म्हणून पंच्याण्णव. जास्त भरली की टायर खडीवर उड्या मारतो, रस्ता धरत नाही. चाळीस वर्षं हेच करतोय मी, बाई."

"मग एकशे तीस कशी झाली?"

"अल्ला जाने. ट्यूब पातळ लॅटेक्सची, कच्च्या रबराची, सकाळपर्यंत हवा उतरतेच. म्हणून मी बेटाला सांगितलं होतं, सकाळी सरांच्या पंपावर माप बघून भर. गावातला पंप त्या बारीक वॉल्व्हला लागत नाही. पितळी नोजल लागतं. अडीअडचणीला एक दिलंय तिला."

"मागचं चाक धड आहे ना? आत्ता माझ्यासमोर त्यात एकशे तीस भरा."

ते चाक पंकजानं छगनच्या ताब्यात दिलं. "खाटेखाली ठेव. कुणी हात लावला तर तुझी पेन्शन बंद."

"म्हंजे काय शोधतीयस?"

"हवा."

छगनला काही कळलं नाही. त्यानं मान तेवढी हलवली.

रंगनाथ सर भेटले ते घाम पुसतच. "मी माप नाही बघितलं. टायर हातानं दाबला, कडक होता. तिला माप बघायचं होतं, पण नंबर पुकारला होता. म्हटलं, चल. माझी चूक तेवढीच."

"दुसरी मुलगी कोण होती जवळ?"

"राजनंदिनी. तिचा डोळा होता पहिल्या नंबरावर, पण ती सृष्टीच्या सायकलजवळ फिरकलीसुद्धा नाही. ऐन वेळेला तिच्या घरच्या जीपमधून उतरली."

सृष्टी खाटेवर पडून होती. पंकजानं विचारलं, "घरून निघालीस तेव्हा सायकल कशी चालत होती?"

"कॅनॉलच्या रस्त्यानं गेले सरांच्या जीपपर्यंत. खडा न् खडा हातात वाजत होता. वाटलं, भीतीनं हात थरथरतायत."

"हवा कुणी भरली?"

"मी न्हाणीत होते," ती पटकन म्हणाली आणि तोंडावर चादर ओढून घेतली.

बाहेर गोठ्यात मच्छिंद्रची जुनी सायकल होती, दुधाचे कॅन लटकवलेली. छगननं टायर दाबून बघितला. "दगडच हाय की!"

"तीस वरीस दूध घातलंय हिच्यावर डेअरीला," मच्छिंद्र म्हणाला. "हवा कडक तर गाडी हलकी. अंगठा दबला की मी भरलीच."

शेजारी पंप होता. "पंपाला हे पितळी बोंडूक कशाला?" छगननं विचारलं. मच्छिंद्र तोवर म्हशीला पाणी दाखवायला गेला होता. पंकजा मात्र पंपाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छगनच्या खाटेखालच्या चाकाची हवा मोजली. एकशे आठ.

दुपारी सृष्टीच्या खाटेभोवती खाजाभाई, रंगनाथ सर आणि मच्छिंद्र जमले.

"रात्रीतून बावीस पौंड हवा उतरली," पंकजा म्हणाली. "खाजाभाईंनी संध्याकाळी एकशे तीस भरली असती, तर वळणावर ती एकशे आठच सापडली असती. सापडली पुरी एकशे तीस. म्हणजे हवा सकाळी भरली."

"सरांनी?" छगननं विचारलं.

"सर भेटायच्या आधीच, कॅनॉलच्या रस्त्यावर, खडा न् खडा हाताला लागत होता. टायर घरूनच दगड होऊन निघाला. घरच्या पंपाला नोजल लागतं, आणि ते अजून त्या पंपालाच आहे." ती मच्छिंद्रकडे वळली. "मच्छिंद्रराव, सकाळी तुम्ही अंगठा दाबून बघितला. तो दबला."

मच्छिंद्रनं अंगठ्याकडे बघितलं. "मऊ लागला, ताई. म्हनलं, खाजानं अर्धीच भरलीय. पोरगी मागं पडंल. लई जोर लावून भरली. पाडायची न्हवती ओ मला..."

"मला माहीत होतं, आबा," सृष्टी चादरीतून म्हणाली. "पंपाचा आवाज न्हाणीत येत होता. एवढ्या हौसेनं भरत होता. म्हटलं, तिथं गेल्यावर सरांकडं माप बघून थोडी सोडीन."

रंगनाथ सरांनी मान खाली घातली.

"आणि मला, बेटा?" खाजाभाई हळूच म्हणाला. "आठ दिवस माझ्या दुकानात एक चाक आलं नाही. एक शब्द बोलायचा होतास."

"आबा माझ्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपतात, चाचा. कसं बोलू?"

खाजाभाई उठला. भांडायला आलेला माणूस, पण भांडण कुणाशी करायचं तेच त्याला समजेना. "माझं नाव धुतलं गेलं, ठीक. पोरीचं हाड कोण धुऊन देणार?"

छगननं पंकजाकडे बघितलं. पंकजानं मच्छिंद्रकडे.

"गावात बदनामी मी केली," मच्छिंद्र म्हणाला. "मीच सांगतो."

तो टोपी विसरून तसाच बाहेर पडला. सोबतीला कुणी उठलं नाही. मारुतीच्या पारावर चौघं बसले होते.

"मच्छिंद्रा, सापडला का रं चोर?" एकानं ओरडून विचारलं. "नाव घे निस्तं. आत्ताच त्या दुकानाला कुलूप ठोकतो बघ!"

"सापडला," मच्छिंद्र म्हणाला.

चौघंही पारावरून उतरले आणि नाव ऐकायला त्याच्याभोवती उभे राहिले.