नव्याण्णव हारांचा नवस

मोंत्री, तो मोबाइल खाली ठेव आणि मघाशी काय म्हणालास ते पुन्हा सांग. उद्याचे चार पाहुणे, खासगी फेरी, दोन देवळं, कालवा, शेवटी फुलबाजार, आणि हे सगळं तू तीन तासांत उरकणार? वर मालकाला तसा शब्दही देऊन आलास? शाबास रे पठ्ठ्या!

"लुंग, चिडताय कशाला? सगळेच पळवतात. पाहुण्यांना मजा येते, फोटो छान निघतात."

बरं. आणि देच, तू ती डासांची कॉइल जरा इकडे सरकव. आता ऐका दोघेही. मला लुंग म्हणता, बापाचा थोरला भाऊ मानता ना? मग मध्ये तोंड घालायचं नाही. ही गोष्ट थाविनची. त्याची नाव याच धक्क्याला, या तिसऱ्या खांबाला बांधलेली असायची. इंजिन मीच बघायचो, तुमची बघतो तसंच. हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय. यात माझ्या पदरचं काही नाही.

तीन वर्षं झाली. भिक्खूंचा वर्षावास संपायची आदली रात्र, चौदस. चंद्र जवळजवळ पूर्ण होता आणि नदी काठाला टेकली होती. संध्याकाळी साडेसहाला थाविन रिकामी नाव घेऊन फुलबाजारात गेला. काम साधं होतं. नवस बोलला होता, तो फेडायचा होता. मोगऱ्याचे नव्याण्णव हार आणायचे आणि कालव्याच्या वळणावरच्या देवीआईच्या घुमटीत वाहायचे.

दुसऱ्या दिवशी सण, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बर्फाच्या पेट्या, कमळांच्या जुड्या, झेंडूची पोती. त्याची नेहमीची हारवाली सुईवर कळ्या ओवत बसली होती. तिने टोपल्या भरून दिल्या.

"नव्याण्णव? मोठं काम झालेलं दिसतंय."

"झालं."

"कसलं?"

"धंद्याचं."

"बरं झालं बाबा. आता फेडताना मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. माझ्या नवऱ्याने तेच केलं आणि पुन्हा सगळे हार आणावे लागले. नाव सांगायचं, घर नंबर सांगायचा, काय मागितलं होतं आणि मिळालं ते खणखणीत सांगायचं. नाहीतर आईला कळणार कसं, कोण फेडतंय ते?"

थाविन टोपली उचलायला वाकला होता, तो तसाच राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नवस बोलताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कारण त्याने मागितलं काय होतं? ते आता सांगतो. आणि सांगताना माझं डोकं आजही फिरतं.

त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाला, त्याच्याकडेही अशीच एक खासगी फेरी होती. अगदी हेच, देवळं, कालवा, फुलबाजार. पाहुणे दुसऱ्या देवळात रमले, उशीर झाला. मालकाचा फोन. पाच वाजेपर्यंत बाजारात पोचला नाहीस तर उद्यापासून फेऱ्या दुसऱ्याला देतो. थाविनने शाळेच्या पुलापाशी, जिथे कालवा दोन नावांपुरताच रुंद आहे, तिथे इंजिन पूर्ण वेगाने सोडलं. समोरून याय लामजियाक, सगळ्या कालव्याची आजी, येत होती. सत्तर वर्षांची म्हातारी, वल्ह्याची छोटी होडी, पुढ्यात संध्याकाळच्या पूजेचे हार. रोज याच वेळी घरोघरच्या धक्क्यांशी जायची आणि वल्ह्याने खांबावर दोनदा टकटक करायची, की बायका खाली यायच्या.

लाट तिच्या होडीखाली गेली, होडी त्याच्या नावेमागे उलटली. थाविनने वळून पाहिलं. पाण्यावर टोपी होती. हार होते. म्हातारी नव्हती.

तो थांबला नाही.

"थांबलाच नाही?"

नाही रे! पाहुणे पुढे तोंड करून फोटो काढत होते, त्यांना पत्ताच नाही. इंजिन बंद करायला काय लागतं? एक बोट. तेवढं एक बोट हललं नाही त्याचं! दुसऱ्या दिवशी सकाळी याय देवळाच्या पायऱ्यांशी सापडली. मग तिची मुलगी सायचोन प्रत्येक धक्क्यावर फिरली. कोणाची नाव होती, एवढंच सांगा. भरपाई नको, काही नको, नाव सांगा. आईच्या चितेपुढे मला सांगायचंय, असं म्हणायची. कोणी सांगितलं नाही. पोलिसांनी लिहिलं, म्हातारी पाय घसरून पडली. आणि त्याच आठवड्यात थाविन आईच्या घुमटीत जाऊन नवस बोलला, की माझं नाव बाहेर येऊ देऊ नकोस, नव्याण्णव हार वाहीन.

एका आईला बुडवायचं आणि दुसऱ्या आईला लाच द्यायची! सांगा मला, याला काय म्हणायचं?

आणि आता तेच नाव, तोच घर नंबर आणि तेच मागणं त्याला मोठ्याने म्हणायचं होतं.

त्याने मनाशी ठरवलं, हळूच म्हणू. घुमटीपाशी रात्री असतं कोण? टोपल्या नावेत ठेवल्या, नाव राखणाऱ्या आईला पुढच्या टोकावर, नाळेवर, एक हार बांधला, हात जोडले आणि निघाला.

पुराच्या दिवसांत कालव्याचे दरवाजे बंद असतात. नदीकडून आत शिरायचं, मागचं दार लागतं, पाणी खाली उतरलं की पुढचं उघडतं. थाविन आत शिरला तेव्हा पावणेआठ झाले होते. त्याच्याबरोबर दुसरी नाव नव्हती. त्याने दोनदा पाहिलं होतं. मागचं दार लागलं. चारी बाजूंनी ओल्या सिमेंटच्या भिंती, वर एक पिवळा दिवा. त्याने इंजिन बंद केलं.

आणि पाण्यात वल्हं पडलं.

चुब्.

त्याला वाटलं, मासा असेल. सणाच्या आधी लोक पुण्य म्हणून मासे सोडतात.

चुब्... चुब्...

मागून. दाराच्या बाजूने. अगदी सावकाश, जसं म्हातारं माणूस वल्हवतं. तो वळला. पाणी सपाट होतं. हारांचा वास मात्र एकदम दाटला.

मग वरचा कर्णा खरखरला. दरवाजावाला जुना माणूस, सगळ्या नावाड्यांना ओळखतो.

"थाविन! दार उघडतोय. घाई करू नकोस. मागच्या होडीला आधी जाऊ दे, म्हातारं माणूस आहे."

थाविनने वर पाहून हात हलवला. मागे कोणी नाही, असं त्याला म्हणायचं होतं.

पुढचं दार उघडलं. तो हलला नाही. थांबला. त्या दिवशी थांबायला हवा होता तो माणूस आता थांबला! त्याच्या नावेच्या कडेला काहीतरी घासत गेलं. लाकडाला लाकूड. नाव जरा एका अंगाला झुकली... आणि सरळ झाली.

पुढे कालव्यात कोणी नव्हतं. चंद्र होता.

त्याने इंजिन लावलं, अगदी हळू. दोन्ही काठांवरची घरं बंद. एरवी टीव्ही चालू असतात, कुत्री भुंकतात. त्या रात्री काही नाही. इंजिनाच्या आवाजातही ते ऐकू येत होतं. चुब्... चुब्... आता पुढून. तो हळू झाला की ते हळू. तो थांबला की...

ते थांबायचं. त्याच्यासाठी.

वळणावरच्या घुमटीपाशी त्याने नाव बांधली. उदबत्ती लावली. तीनदा विझली, चौथ्यांदा लागली. टोपल्या पुढ्यात ठेवल्या, गुडघ्यांवर बसला आणि ओठ न हलवता म्हणाला, आई, नवस फेडतो.

पहिला हार वाहिला.

हार घसरला. पायऱ्यांवरून सरकत पाण्यात गेला.

दुसरा. तोही.

तिसरा त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला. तो ओला लागला. बाजारातून आणलेला ताजा हार, त्यातून कालव्याचं पाणी गळत होतं.

आणि मागे, धक्क्याच्या खांबावर...

टक् टक्.

तो वळला नाही.

"आई, धंदा चांगला होऊ दे म्हणून मागितलं होतं," तो म्हणाला. जरा मोठ्याने.

टक् टक्.

"माझं नाव... माझं नाव..."

टक् टक्.

लक्षात घ्या, कोणी ओरडलं नाही. कोणी रडलं नाही. कोणी मानगूट धरली नाही. खांबावर वल्हं वाजत होतं, एवढंच. बायका हार घ्यायला खाली येईपर्यंत थांबायची, तशी ती थांबली होती. तिला घाई नव्हती.

मग थाविन बोलला. पूर्ण नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. घर नंबर, गल्ली, नावेचा क्रमांक. "याय लामजियाकला मी बुडवलं. मी पाहिलं. मी थांबलो नाही. माझं नाव कोणाला कळू नये म्हणून मी नवस केला आणि ते कोणाला कळलं नाही." ओरडून बोलला. घशातून रक्त येईल असं बोलला. समोरच्या काठावर एका घरात दिवा लागला.

टकटक थांबली.

त्याने फोन पाहिला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

पहाटे तो इथे आला. मी इंजिनाचं तेल बदलत होतो. या ओट्यावर बसून त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि म्हणाला, "लुंग, मी आता चौकीत चाललो." आणि गेला. उरलेले हार तसेच नावेत होते.

मी त्याला काय म्हणालो, विचारा ना! कॉफी घे, म्हणालो.

कारण मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. त्या पावसाळ्यातल्या संध्याकाळी थाविन नाव लावून घरी गेला आणि मी इंजिन वर उचललं, तर पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला मोगऱ्याचा दोरा गुंडाळलेला. चांगले चार-पाच पदर. आत कळ्या चिरडलेल्या, मध्ये पांढरे केस. पांढरे केस, मोंत्री! मी सुरीने कापलं आणि पाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी सायचोन आली, तर मी म्हणालो, काही पाहिलं नाही. ती पुन्हा आली, मी पुन्हा तेच म्हणालो. चौकीत कागदावर सहीसुद्धा केली. हा धक्का मालकाचा, माझी नोकरी मालकाची, आणि मेलेली म्हातारी कोणाचीच नाही, असा हिशेब मी केला. थाविनला शिव्या घालतोय मी मघापासून! तो निदान पळत्या नावेत होता, त्याला विचार करायला क्षणभरच मिळाला. मी इथे बसून होतो. अख्खा पावसाळा.

"कोणाला माहीत होतं हे, लुंग?"

कोणाला नाही, देच. थाविनलाही नाही. मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

थाविन गेल्यावर मला बसवेना. मी सायचोनच्या घरी गेलो. शाळेच्या पुलापलीकडे, घुमटीपासून दोन किलोमीटरवर. ती धक्क्यावर बसली होती, रात्रभर झोपली नसावी.

मी म्हणालो, "पोरी, एक सांगायला आलोय."

ती म्हणाली, "उशीर केलात, लुंग. दोनदा आले होते मी तुमच्याकडे."

"तुला कोणी सांगितलं?"

"काल रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी खांबावर टकटक झाली. आई करायची तशी. टॉर्च घेऊन खाली आले तर कोणी नव्हतं." तिने खाली बोट दाखवलं. "बघा. नीट बघा. तुमचे डोळे काहीच बघत नाहीत ना!"

धक्क्याच्या शेवटच्या फळीवर, पाण्याच्या जरा वर, कालव्याच्या काळ्या चिखलाने बोटाने लिहिलेलं होतं. दोन नावं. वरचं थाविनचं.

खालचं माझं. सनित. आडनावासकट.

आणि याय लामजियाकला अक्षर येत नव्हतं रे. तिच्या मुलीला विचारा, सही करायची वेळ आली की ती अंगठा द्यायची.

थाविनने जबानी दिली, दुपारी पाऊस आला आणि फळीवरचं त्याचं नाव वाहून गेलं. तो दोन वर्षं आत राहिला. बाहेर आल्यावर पहिल्यांदा सायचोनकडे गेला, तिने त्याला भात वाढला. मला आजवर तिने पाणी विचारलेलं नाही, आणि बरोबर करते ती.

मी चौकीत गेलो नाही. माझी ती सही अजून तिथल्या कागदावर आहे. गुन्हेगार सापडला, प्रकरण मिटलं, आता म्हाताऱ्याच्या सहीने काय होणार, असं मी दर महिन्याला स्वतःला समजावतो. भित्रा आहे मी. दुसरं काही नाही.

तिने फळी घासली. मी एकदा रंग देऊन आलो. तीन पावसाळे गेले, दोनदा पुराचं पाणी त्या फळीवरून गेलं.

आज सकाळी जाऊन आलो. माझ्या नावावर बोट ठेवून पाहिलं.

चिखल ओला आहे.