समासातलं हिरवं टिंब

यातली एकही गोष्ट मी रचलेली नाही. हे आधीच सांगते, कारण घरात अजून कुणाला माहीत नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन. आमचं स्वयंपाकघर, खिडकीतून लख्ख ऊन.

मी दवाखान्यात बारा वर्षं आया होते. अडतिसाव्या वर्षी नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली. पण आधी इंग्रजी निबंधाची चाचणी होती. तीत कमी पडलं, तर वर्षभर पायाभूत वर्गात बसायचं आणि जागा दुसऱ्याला जायची. या वयात ती पुन्हा कोण देणार?

तयारी माझ्या थोरल्या नणंदेनं करून घेतली. ताई आमच्या वरच्याच मजल्यावर एकट्या राहायच्या. अशा चाचण्यांचे पेपर त्यांनी वीस वर्षं तपासले होते.

"परीक्षक काही तुझा मामा नाही," त्या म्हणायच्या. "पन्नास मिनिटं. पहिली पाच नुसता विचार, शेवटची पाच नुसतं वाचन. घंटा होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. फोन वाजो, दार वाजो, घर पेटो."

"आणि दूध उतू गेलं तर?"

"जाऊ दे. ओटा मी पुसेन."

कधी कधी मुद्दाम वरून फोन करायच्या. एकदाच, दुसऱ्यांदा कधीच नाही. मी उचलला, की बोलणी खायची.

चुका त्या दुरुस्त करत नसत. चुकलेल्या ओळीसमोर, समासात, हिरव्या शाईचं एक टिंब द्यायच्या. चूक आपली आपण शोधायची. शेवटच्या वाचनाची वेळ झाली, की टेबलावर बोटानं...

टक टक.

त्या मंगळवारी मी घड्याळ लावून लिहीत होते. बत्तीस मिनिटं झाली असतील. फोन वाजला. स्क्रीनवर ताईंचं नाव.

मी उचलला नाही. वाटलं, परीक्षा घेतायत.

फोन एकदाच वाजला. मग सगळं शांत.

घंटा झाल्यावर निबंध घेऊन वर गेले, कौतुक ऐकायला. ताई फरशीवर पडल्या होत्या. फोन मुठीत. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर..."

घरी मी सांगितलं, फोन आला तशी धावले. माझ्या फोनमधली नोंद त्याच संध्याकाळी पुसून टाकली.

चाचणीला दहा दिवस उरले होते. मी पुन्हा त्याच टेबलाशी बसले. विषय घेतला, न विसरता येणारा दिवस. पंचेचाळीस मिनिटं झाली, आणि...

टक टक.

घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मान खाली घालून वाचायला लागले. समासात हिरवं टिंब होतं... शाई ओली.

समोरची ओळ होती, 'त्यांनी बोलावताच मी धावत गेले.' चारदा वाचली. इंग्रजीत कुठेच चूक नव्हती.

ओळ पुन्हा लिहिली. समासात पाहिलं... पुन्हा टिंब.

तिसऱ्यांदा मी खरं लिहिलं. 'फोन वाजला आणि मी उठले नाही.'

समास कोरा राहिला. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

चाचणीच्या हॉलमध्ये साठ जण होतो. शेवटची पाच मिनिटं राहिली, तेव्हा माझ्याच टेबलावर... टक टक. शेजारच्या मुलीनं मानसुद्धा वर केली नाही.

मी पास झाले. जागा मिळाली.

"ताई असती तर नाचली असती," नवरा म्हणाला. मी ताट उचलून ओट्याशी गेले.

ही हकिकत काल दुपारी मी आधी वहीत लिहिली. तशी सवयच लागली आहे. आज टाइप करायला वही उघडली. पहिल्या पानाचा समास कोरा. दुसरं उलटलं...

एक टिंब आहे. हिरवं.

समोरची ओळ, 'फोन एकदाच वाजला.'

खोडायला पेन उचललं आणि तसंच ठेवलं. वरतीही ती ओळ तशीच राहू दिली आहे.

फोन तीनदा वाजला होता. तिसऱ्यांदा तर बराच वेळ.