आंघोळीशिवाय आत नाही

उत्तर ओंटारिओतल्या त्या निकेलच्या खाणीत दोन किलोमीटर खाली उतरलं, की प्रयोगशाळेच्या दाराशी आधी आंघोळ करावी लागे. विश्वातल्या अदृश्य कृष्णद्रव्याचा कण शोधायचा, तर खाणीच्या धुळीचा कणही आत चालत नसे. त्यामुळे आत सगळ्यांचे केस कायम ओले. "इथे तुमचा कण सापडो न सापडो, सर्दी नक्की सापडते," असं रेयो म्हणायचा. कारिनाचा हा थोरला भाऊ. आधी खाणकामगार होता, आता बहिणीच्या प्रयोगाची यंत्रं सांभाळायचा.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून दोघंच उतरली. बोगद्यातून जाताना खडक कडाडला आणि पुढे चालणारा रेयो धुळीच्या लोटात दिसेनासा झाला, एवढंच कारिनाला आठवत होतं. आता दोघं आत बसली होती. डब्यातला वेलचीचा पाव तसाच पडला होता. वरून फोन आला, तो रेयोनं घेतला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बोगद्यात दरडीखाली एक जण सापडलाय," तो म्हणाला. "मेलेला."

कारिनानं मनात मोजलं. खाली तर ती दोघंच होती, आणि दोघंही इथे होती. समोर बसलेल्या भावाकडे बघायची तिला भीती वाटू लागली.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, यंत्रावर होता. माणसाच्या अंगातल्या पोटॅशियममधून बारीक किरण निघत असतात, आणि कोपऱ्यातलं यंत्र ते मोजायचं. जिथे शरीर आहे तिथे आकडा चढणारच. तिनं रेयोला यंत्राचं शिशाचं दार उघडायला लावलं.

"उभा राहा समोर."

"राहू दे ना, कारिना."

"घाबरलास?"

"हो."

तरी तो उभा राहिला. ती लांब सरकली. बराच वेळ आकडा हलेना.

मग तो चढू लागला. चढतच गेला.

कारिनाला रडूच फुटलं. भाऊ जिवंत होता. "मेल्या, जीव घेतलास माझा," ती हसत म्हणाली. "हो बाजूला, आता मी उभी राहते."

"नको," रेयो म्हणाला. त्याच्या ओल्या केसांतून खांद्यावर पाणी ठिबकत होतं. तो तिच्या डोक्याकडे बघत होता. "अशीच बस थोडा वेळ माझ्यापाशी."

कारिनानं डोक्याला हात लावला.

केस कोरडे होते. बोटांना दगडाची भुकटी लागली.