‘गोदा’ यानाचं दार

२००२च्या उन्हाळ्यात, दुपारची जेवणं उरकली की ज्योत्स्ना जेवणाच्या टेबलावरच कॉम्प्युटर सुरू करायची. शेजारच्या खुर्चीत मनोज, तिचा कामातला जोडीदार. इंदिरानगरातल्या तिच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये दोघं मुलांसाठी एक खेळ बनवत होते: ‘गोदा’ नावाचं अंतराळयान आणि त्याचा बोलका संगणक. ज्योत्स्ना प्रोग्राम लिहायची आणि मनोज त्यात घुसायच्या फटी शोधायचा. खोडी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

“ताई, हे यान आहे की तुझं माहेर?” एका दुपारी तो हसतच सुटला. “संगणकानं विचारलं ‘कोण?’ मी टाइप केलं ‘मी’. झालं, उघडलं दार!”

ज्योत्स्नालाही हसू आलं. दारावर थाप पडली की ‘कोण?’ म्हणायचं आणि बाहेरून ‘मी’ आलं की कडी काढायची, ही जन्माची सवय. तीच नकळत यानात उतरली होती.

“आत्ता बुजवते,” ती म्हणाली.

पण मनोजचं हसू मावळलं होतं. पडद्यावर यानाचा नकाशा होता. प्रत्येक प्रवाशाचा एक पिवळा ठिपका, खाली त्याचं नाव. कोठीच्या खोलीत मात्र एक ठिपका बिननावाचा होता.

“हा तू घातलास?”

“नाही. मला वाटलं तूच.”

तिनं तो पुसला. थोड्या वेळानं तो पुन्हा उमटला, या वेळी कॅप्टनच्या खोलीबाहेर. कॅप्टनला तिनं हौसेनं स्वतःचंच नाव दिलं होतं. आतल्या खोलीत दीड वर्षाची भाग्यश्री झोपली होती. ज्योत्स्ना उठून लेकीला एकदा बघून आली.

मग तिनं पक्का बंदोबस्त केला. नाव सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्या नावाचं माणूस आधीच आत असेल, तर बाहेरच्याला घ्यायचं नाही, उलट वरची कडी घालायची. बिननावाचा ठिपका खरोखरच नाहीसा झाला. मनोजनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि तपासून बघायला कॅप्टनला यानाबाहेर काढून दारापाशी आणलं.

‘कोण?’

‘मी. ज्योत्स्ना.’

‘ज्योत्स्ना आत आहे.’

नकाशावर दाराबाहेर एक ठिपका होता, कॅप्टनच्या खोलीत दुसरा. दोन्हींखाली एकच नाव.

“ताई, बंद कर हे,” मनोज म्हणाला.

तिनं प्लगच उपटला. मनोज केलेला चहा तसाच टाकून निघून गेला.

ओझरच्या कारखान्याच्या बसनं तिचा नवरा लखन घरी आला, तोवर तिचं डोकं भणभणलं होतं. लेकीला त्याच्याकडे देऊन ती कोपऱ्यावर मेथी आणायला गेली. हातगाडीवाल्या चिमणाबाईंशी भावावरून हुज्जत घातली, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. उगाच घाबरले, असं स्वतःशी म्हणत ती जिना चढली.

लोडशेडिंग सुरू झालं होतं. बेल वाजेना, म्हणून तिनं दारावर थाप मारली. आत भाग्यश्री खिदळत होती.

“कोण?”

बाईचा आवाज होता. स्वयंपाकघरातून ज्योत्स्ना विचारायची, अगदी तसाच.

मेथीची जुडी हातातून गळून पडली. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “मी.”

“नाव सांगा.”

“अहो!” तिनं दोन्ही हात दारावर आपटले. “दार उघडा! मी ज्योत्स्ना! आधी भाग्यश्रीला उचलून घ्या!”

लखनची पावलं वाजली, नेहमीसारखी टाच घासत. दारापाशी येऊन ती थांबली.

“कोण तुम्ही, बाई?” त्याचा आवाज घाबरलेला होता. “ज्योत्स्ना तर घरातच आहे. ही काय, माझ्या शेजारी.”

“आई, घे,” भाग्यश्री आत कुणाला तरी म्हणाली.

आणि वरची कडी सरकली.