रिकाम्या खाचेतली टिकटिक

स्पष्टच सांगतो, धाकट्या भावाचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. वीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात काळे केले. तो बाबांच्या दुकानात आला पाच वर्षांपूर्वी. पण बाबांच्या तोंडी सदानकदा छोट्या, छोट्या. बाबांची नजर गेली तेव्हापासून ते काम कानानं पास करायचे. जुन्या पिकअपचा फ्लॅशर, म्हणजे वळताना दिवा लुकलुकवणारी अंगठ्याएवढी पत्र्याची डबी, बदलला की एकानं सीटवर बसून स्टिअरिंगजवळची दांडी खाली करायची, दुसऱ्यानं मागं उभं राहून "लागला" म्हणायचं आणि बाबांनी खुर्चीतून टिकटिक ऐकायची. माझ्या कामाला "चालेल". त्याच्या कामाला "शाब्बास, छोट्या". फ्लॅशर एकाच खोक्यातले, टिकटिक तीच.

त्या सकाळी बाबा म्हणाले, "दुकान कोणाच्या हाती द्यायचं ते आज दुपारपर्यंत सांगतो." त्यानंतर मला चहाही गोड लागला नाही.

साडेबाराला एक फिकट हिरवी पिकअप आली. दांडी खाली केली की दिवा नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचा नाही. मालक चावी ठेवून गेला. धाकट्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, जुना फ्लॅशर उपटला, नवा बसवला. दोन मिनिटांचं काम. "दादा, हात धुऊन येतो, मग बाबांना ऐकवू," म्हणाला आणि शीळ घालत नळाकडे गेला.

पुढं मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. डॅशबोर्डखाली हात घातला, नवा फ्लॅशर खाचेतून उपसला आणि खिशात टाकला. एकदा तरी त्याची फजिती व्हावी, तीही आजच, बाबांसमोर.

तो आला, सीटवर बसला. मी मागं उभा राहिलो. त्यानं दांडी खाली केली.

टिक. टिक. टिक.

दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. मी खिसा चाचपला. डबी खिशातच होती.

"लागला का रे?" बाबांनी विचारलं.

"लागला," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

"शाब्बास, छोट्या. काय आवाज आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण ती नंतर वाटली. आधी मनात आलं ते हेच, की रिकामी खाचसुद्धा याच्यासाठी वाजते. "एक वायर सैल वाटतेय," असं सांगून मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार काढून बाजूला ठेवली. टिकटिक चालूच. धाकटा आपला पाय हलवत बसलेला, त्याला कशाचा पत्ता नाही.

"उतर," मी म्हणालो. "मी बसतो."

तो उतरला आणि आवाज बंद पडला. तो मागं गेला. मी बसलो. सीट अजून गरम होती. दांडी खाली केली. काही नाही. वर केली, परत खाली केली. मनातल्या मनात मी त्या गाडीला म्हटलं, याच्यासाठी वाजतेस ना, मग माझ्यासाठीही वाज. याचं जे जे आहे ते सगळं मला दे.

टिक.

मग आणखी एक. मग इतकी स्वच्छ टिकटिक, की बाबा खुर्चीतून उठले. चाचपडत आले, खिडकीतून आत हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला.

"दुकान तुझं," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले.

"शाब्बास, छोट्या."

"बाबा, मी थोरला."

"चेष्टा पुरे," ते हसून म्हणाले.

"लागला," मागून आवाज आला. जड, वैतागलेला. माझा आवाज.

मी आरशात पाहिलं. धाकटा दिव्यापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. ते बघणं मी ओळखलं. पाच वर्षं मी त्याच्याकडे तसंच बघत आलो होतो.

तेवढ्यात माझी बायको जेवणाचा डबा घेऊन आली. सरळ मागं गेली. डबा त्याच्या हातात दिला, त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली.

"अहो, आधी जेवून घ्या."

मग खिडकीशी आली आणि माझ्याकडे बघून हसली.

"भाऊजी, तुम्हीही हात धुऊन या."