स्वानंदीची खोली

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण त्या संध्याकाळी जे झालं, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. माझी बायको सईसुद्धा तिथेच होती. तुम्हाला पटो वा न पटो, एक शब्दही पदरचा घालत नाहीये.

तेवीस ऑगस्ट २०२५. शनिवार. मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना.

माझी मामेबहीण सावनी तेव्हा आमच्याकडे राहत होती. मास्टर्स झालं, जॉब लागला, पण व्हिसाच्या लॉटरीत तिन्ही वेळा नंबर लागला नाही. अमेरिका सोडावी लागणार होती. जपानमधल्या एका कंपनीने ऑफर दिली, ती तिने घेतली.

तिकडे ओळखीचं कुणीच नव्हतं.

म्हणून स्वानंदी भेटली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. जपानमधल्या भारतीयांच्या एका ग्रुपवर सावनीने मेसेज टाकला होता, शेअरिंगमध्ये खोली हवीय म्हणून. तासाभरात हिचा फोन. मूळची अमरावतीची. तोक्योजवळ सायतामाला एका शेअर हाऊसमध्ये राहते म्हणाली. वर सहा खोल्या, खाली सगळ्यांचं मिळून एक किचन. एक खोली रिकामी आहे, तूच ये.

पुढे तीन आठवडे दोघी रोज बोलायच्या. कचरा कुठल्या दिवशी टाकायचा, तूरडाळ कुठे मिळते, सगळं ती सांगायची. आपल्या खोलीबद्दलही सांगायची. जिन्याच्या टोकाला. खिडकीबाहेर विजेचा खांब. भिंतीत सरकत्या दाराचं कपाट, दारावर निळा कागद.

कित्येक महिन्यांनी सावनी हसताना दिसत होती.

स्वानंदी व्हिडिओ मात्र कधीच ऑन करायची नाही. आणि सईला आणखी एक गोष्ट खटकली होती. फोन स्पीकरवर असला तरी स्वानंदीच्या मागे काहीच ऐकू यायचं नाही. भांडं नाही, गाडी नाही, पंखा नाही...

फक्त तिचा आवाज.

त्या शनिवारी त्या घराचे मॅनेजर मोरीतासान व्हिडिओवर खोली दाखवणार होते. आमच्याकडे संध्याकाळचे सात, तिकडे रविवारची सकाळ. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. आम्ही तिघं डायनिंग टेबलावर लॅपटॉपसमोर बसलो.

मोरीतासान साठीचे, हसतमुख. त्यांनी किचन दाखवलं, चपलांचं कपाट दाखवलं. मग जिना चढून अगदी शेवटच्या खोलीत आले. रिकामी आहे ती हीच, म्हणाले.

खिडकीबाहेर विजेचा खांब होता.

भिंतीत कपाट. दारावर निळा कागद...

सावनीने मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, ही तर स्वानंदीची खोली ना? मोरीतासान गोंधळले. त्या नावाचं इथे कुणी राहत नाही, म्हणाले. भारतीय तर कुणीच नाही. ही खोली दीड वर्ष बंद आहे.

सावनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मोबाइल उचलला आणि स्वानंदीला कॉल लावला.

एक सेकंद. दोन...

लॅपटॉपमधून रिंग ऐकू आली.

त्या रिकाम्या खोलीतून.

मोरीतासाननीही ती ऐकली. ते सावकाश कपाटाकडे वळले. त्यांनी सरकत्या दाराला हात लावला...

रिंग थांबली. कुणीतरी फोन उचलला होता.

"सावनी, त्यांना दार उघडू देऊ नकोस."

अगदी शांत आवाज. आधी मोबाइलमधून आला... आणि क्षणभराने तेच वाक्य लॅपटॉपमधून.

सईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

मोरीतासानना मराठी कळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांनी हात मागे घेतला. कपाटाकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत ते खोलीबाहेर आले. मग स्क्रीनवर नुसती जमीन दिसली. कॉल कट झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांची मेल आली. खोली देता येणार नाही. कारण लिहिलं नव्हतं.

स्वानंदीचा नंबर त्यानंतर लागला नाही. ग्रुपवरही त्या नावाचं कुणी सापडलं नाही.

सावनीने कंपनीच्या हॉस्टेलमध्ये जागा मागून घेतली. आठ दिवसांनी मी तिला एअरपोर्टवर सोडायला गेलो. डिकीतून बॅगा काढताना ती हळूच बोलली.

"दादा, रोज फोन ठेवताना ती एकच विचारायची. एकटीच येणार ना?"

"मग तू काय सांगायचीस?"

"तिला म्हणायचे, एकटी कुठे? तू आहेस की."

मागे गाड्या खोळंबल्या होत्या. मी डिकी बंद केली. ती आत निघून गेली.

आता ती योकोहामाला असते. दर रविवारी फोन करते. तब्येत बरी आहे, काम आवडतंय. तिकडे एक मैत्रीणही मिळालीय म्हणते. तिच्याबद्दल भरभरून बोलत असते.

मी अजून त्या मैत्रिणीचं नाव विचारलेलं नाही.