हंड्याचं खोटं शून्य

झाकण साडेतीनशे किलोचं होतं. ते बिजागरीसकट उखडून समोरच्या भिंतीत हातभर रुतलं होतं, आणि जाता जाता हंडेवाल्याचा उजवा खांदा घेऊन गेलं होतं. उरलेल्या माणसाला वाफेने भाजून काढलं होतं. हे झालं दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी. कारखाना निरीक्षक बाई चारला पोचल्या तेव्हा प्रेत नेलेलं होतं आणि फरशी धुवायला कोणीतरी बादली आणली होती. बाईंनी ती बादली पायाने बाजूला सारली आणि सांगितलं, इथे पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी टाकणाऱ्याला आधी आत टाकीन.

हंडा म्हणजे रबरी नळ्या वाफेवर शिजवायची आडवी लोखंडी टाकी. आत बैल उभा राहील एवढी. ती चालवणारा तो हंडेवाला.

खरं तर बाई अपघातासाठी आल्याच नव्हत्या. आल्या होत्या त्या हंडेवाल्याला भेटायला. त्याची चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये होती. ‘तीन महिन्यांपूर्वी जुन्या हंडेवाल्याचे पाय भाजले, तो अपघात नव्हता. झाकणाचं कुलूप कोणीतरी तारेचा तुकडा जोडून निकामी केलं होतं. तुकडा माझ्या हाती लागलाय. चार वाजता या, समक्ष सांगतो.’ आता समक्ष सांगणारा गेला होता आणि तुकड्याचाही पत्ता नव्हता. बाईंना स्वतःचाच राग आला. सकाळीच यायला काय झालं होतं?

फौजदारांनी मात्र आरोपी धरूनही ठेवला होता. बाकावर बेड्या घालून बसवलेला, पुढचा दात पडलेला, सदरा छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्ताने कडक झालेला. हा कारखान्याचा मीटरवाला. दाब, पातळी, तापमान मोजणारी सगळी यंत्रं याच्या ताब्यात. मेलेला हंडेवाला त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ.

फौजदारांचा हिशोब सोपा होता. आज सकाळी आठला दोघांची मारामारी झाली. मेहुण्याने दाजींचा दात पाडला आणि वर ओरडला, तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. दहा वाजता याच मीटरवाल्याने हंड्याचं नवीन कार्ड बसवलं; मीटरचा दाब वाचून पडद्यावर दाखवायचं आणि शून्य झाला की झाकणाचं कुलूप सोडायचं, हे त्या कार्डाचं काम. दोन वाजता पडद्यावर दाब शून्य दिसला, कुलूप सुटलं, मेहुण्याने झाकण उघडलं, आणि आत दाब होता सहाचा. त्या वेळी मीटरवाला कुठे, तर म्हणे पाण्याच्या टाकीवर, एकटा.

“मांजराच्या मिशांना दूध लागलेलं दिसलं की आणखी कोणाला विचारायला जात नाहीत, बाई,” फौजदार म्हणाले.

तेवढ्यात मीटरवाल्याची बायको आली. ती रडत नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. सकाळच्या भांडणाचं आपल्याला कळलं होतं, असं तिने खालच्या आवाजात बाईंना सांगितलं. एक वाजता तिनेच भावाला फोन करून बजावलं होतं, की दोन दिवस दाजींशी एक शब्द बोलू नकोस, डोकी थंड होऊ देत.

“भाऊ गेला तो गेला,” ती म्हणाली. “मला एवढंच सांगा. आज रात्री मी या माणसाच्या घरी जायचं की नाही?”

बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली.

मग त्या मीटरवाल्याशेजारी बाकावर बसल्या.

“भांडण कशावरून?”

“त्याला एक तार सापडली होती. त्याला वाटलं, कुलूप मीच निकामी केलं. मीटर माझे ना.”

“केलं होतंस?”

“नाही.”

“कार्ड का बदललं?”

इथे तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. जुनं कार्ड व्होल्टवर चालायचं. शून्य व्होल्ट म्हणजे शून्य दाब. पण तार तुटली तरी शून्यच व्होल्ट, मग तेव्हाही पडदा शून्यच दाखवणार. शेजारी मोठ्या मोटारी, त्या सुरू झाल्या की काटा नाचायचा तो वेगळाच. जुन्या हंडेवाल्याचे पाय भाजल्यावर हा साहेबांच्या मागे हात धुऊन लागला आणि करंटवर चालणारं कार्ड मागवून घेतलं. यात शून्य दाबालाही तारेतून चार मिलिअँपिअर वाहतात, पूर्ण दाबाला वीस. काहीच वाहत नसेल तर कार्डाला कळतं की तार तुटली. ते बोंब मारतं आणि झाकणाचं कुलूप घट्ट धरून ठेवतं.

“म्हणजे तार तुटून खोटं शून्य येणार नाही?”

“नाही. बरोब्बर चार कोणीतरी द्यायला हवेत. तसे देणारं हातात मावेल एवढं यंत्र असतं, कार्ड तपासायला. ते माझंच आहे. सकाळी कार्ड तपासून चारवरच पॅनेलच्या खोलीत ठेवलं होतं.” तो थांबला. “बाई, तो माझ्या मांडीवर गेला. मी त्याची मान धरली होती. ‘दाजी’ म्हणाला आणि गेला.”

झाकण उडाल्याबरोबर तो टाकीवरून धावत आला होता. दोन अठरापासून पावणेतीनपर्यंत तो मेहुण्याला मांडीवर घेऊन बसला होता, हे पंधरा माणसांनी पाहिलं होतं. बाईंनी ती वेळ वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

कार्ड बसवलेली पॅनेलची खोली हंड्याच्या मागच्या बाजूला. किल्ल्या तिघांकडे. एक मीटरवाल्याकडे. दुसरी पाळीच्या साहेबांकडे, पण ते दीडपासून स्फोटापर्यंत सहा जणांसमोर बैठकीत होते. तिसरी मुख्य वायरमनकडे, त्याला सगळा कारखाना काका म्हणे. तीस वर्षं नोकरी, मीटरवाला आणि हंडेवाला दोघांनाही पहिल्या दिवशी पक्कड धरायला शिकवलेला माणूस. काका डोळे पुसत दाराशी उभे होते. स्फोट झाला तेव्हा आपण कोठारात होतो, म्हणाले. स्ट्रेचर घेऊन पोचायलाही त्यांना उशीर झाला होता.

मीटरवाल्याचं यंत्र खणात होतं, काटा चारवर.

बाईंनी पडद्यावरची नोंद काढायला लावली. दोन सात, दाब सहा. दोन आठ, ‘तार तुटली’, कुलूप बंद. दोन अकरा, दाब शून्य, आणि पुढे अकरा मिनिटं ते शून्य फूटपट्टीने आखल्यासारखं सरळ. दोन बावीसला पुन्हा ‘तार तुटली’. दोन सव्वीसला पुन्हा शून्य, पण हे किंचित हलणारं. खऱ्या मीटरचं शून्य असं थोडं हलतंच, मीटरवाला म्हणाला.

मग त्या कार्डाजवळ वाकल्या. कार्डाला स्क्रू नव्हते. तार नुसती भोकात ढकलायची, आतली स्प्रिंग ती पकडते. काढताना शेजारच्या फटीत पेचकस सरळ दाबायचा, की तार सुटते. सोळा तारांच्या टोकांना निळ्या टोप्या होत्या. हंड्याच्या दाबाच्या तारेची टोपी लाल होती, तार बोटभर आखूड झाली होती, आणि तिच्या शेजारच्या फटीचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं चावलेलं होतं.

शेवटी बाई हंड्याच्या टेबलाशी गेल्या. तिथल्या फोनवर वाळलेलं रक्त होतं. त्यांनी रुमालाने रिसीव्हर उचलला आणि शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण दाबलं. भिंतीपलीकडे, पॅनेलच्या खोलीत, घंटा वाजली.

साडेपाच वाजता त्यांनी सगळ्यांना पॅनेलच्या खोलीत बोलावलं. पाळीचे साहेब, तिघे वायरमन, काका, बेड्या काढलेला मीटरवाला, त्याची बायको, फौजदार. टेबलावर तसलंच दुसरं, कोरं कार्ड, त्यात एक तार खोचलेली.

“ही तार काढून दाखवा,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी पेचकस दाबला, तार अलगद आली. तिन्ही वायरमनांनीही तेच केलं. सकाळी दहाला मीटरवाल्याने सगळ्यांना बोलावून हे शिकवलं होतं. काकांनी पेचकस उचललाच नाही.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही, बाई,” ते म्हणाले. “सकाळी मी गेलोच नाही. तीस वर्षं स्क्रू आवळलेत, म्हातारपणी नवी थेरं कशाला? या कार्डाला मी आजवर हात लावलेला नाही. कोणालाही विचारा.”

“विचारलं. सगळे तेच सांगतात,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच तुम्ही सापडलात.”

त्यांनी हंड्याच्या कार्डातल्या चावलेल्या फटीवर बोट ठेवलं.

“ज्याने ही तार काढली त्याला स्क्रू नाहीत हे माहीत नव्हतं. त्याने फटीत पेचकस घालून पिळला, फट चावली गेली. मग पक्कडीने ओढली, तर टोपी आतच राहिली. ती उकरून काढावी लागली. परत बसवताना तार कापून नवी टोपी लावली, वायरमनच्या डब्यातली लाल. ढकलून बसवणं सोपं आहे, ते कोणालाही जमतं. काढणं जमलं नाही. मीटरवाला असं कशाला करेल? त्याने तर तुम्हा सगळ्यांना शिकवलं.”

“मीटरवाल्याने मुद्दाम केलं असेल,” काका म्हणाले.

“दोन बावीस ते दोन सव्वीस तार परत बसवली जात होती. तेव्हा मीटरवाल्याच्या मांडीवर त्याचा मेहुणा मरत होता. पंधरा साक्षीदार आहेत. साहेब तेव्हा सहा जणांसकट हंड्याशी पोचले होते. तिसरी किल्ली तुमची.”

बाई फौजदारांकडे वळल्या. तीन महिन्यांपूर्वी काम लवकर उरकावं म्हणून कुलूप निकामी केलं ते काकांनी. तारेचा तुकडा सापडल्यावर पोराने आधी दाजींचा संशय घेतला, भांडला, आणि मग विश्वासाने गेला कोणाकडे? ज्यांनी पक्कड धरायला शिकवलं त्यांच्याकडे. तुकडाही त्यांच्याच हातात दिला, चार वाजता बाई येणार हेही सांगून बसला. काकांना जुनं कार्ड माहीत होतं. तार काढली की शून्य, शून्य आलं की कुलूप सुटतं, आणि दोष जाईल नव्या कार्डाकडे. पण नवं कार्ड शून्य दाखवेना. ते ओरडलं.

“आणि पोराने फोन केला,” बाई म्हणाल्या, आवाज खाली आला. “या खोलीत. तार तुटली दिसतेय म्हणून. तुम्ही उचललात. तेव्हा तरी सोडायचं होतं. तुम्ही खणातलं यंत्र, होतं तसंच चारवर, जोडून दिलंत आणि त्याला सांगितलंत, नव्या कार्डाची खोड आहे, आता बरोबर दाखवतंय, उघड. मीटरवाल्याने सांगितलं असतं तर आज त्याने ऐकलं नसतं. तुमचं ऐकलं.”

काकांचा हात टेबलावरच्या पेचकसावर गेला. ते बाईंवर नाही, मीटरवाल्यावर धावले. मीटरवाल्याने तळहात आडवा घालायला आणि पेचकस त्यातून आरपार जायला एकच वेळ झाली. दुसरा वार गळ्यावर होता, पण बायकोने खुर्ची उचलून काकांच्या पाठीत घातली, पुन्हा घातली, तिसऱ्यांदा खुर्चीचा पाय मोडला तेव्हा फौजदारांनी तिला मागे ओढलं. काका जमिनीवर पडून दम टाकत होते. नाक फुटलं होतं.

“सात महिने राहिले होते निवृत्तीला,” ते म्हणाले. “सात महिने गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?”

काकांच्या पिशवीच्या तळाशी तारेचा तो तुकडा सापडला, नीट गुंडाळलेला. चांगली तांब्याची तार. तीस वर्षांत चांगली तार फेकून द्यायची सवयच लागली नव्हती हाताला.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मीटरवाला पायरीवर बसला. हाताला फडकं बांधलं होतं, ते भिजत चाललं होतं.

“मला फोन केला असता तर मी सांगितलं असतं,” तो बायकोला म्हणाला. “तार तुटल्यावर आलेलं शून्य खरं मानू नको, हात लावू नको. एवढंच सांगायचं होतं. एवढ्यासाठीच तर मागवलं ते कार्ड. का नाही केला त्याने मला फोन?”

ती उत्तर द्यायला गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी मान खाली घातली. दुपारी एक वाजताचा फोन तिघांपैकी दोघींना आठवला होता.

ती त्याच्याशेजारी बसली, त्याचा फुटलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

“मी सांगितलं होतं त्याला,” ती म्हणाली. “दाजींशी बोलू नकोस म्हणून. मीच.”

मीटरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने तिचं डोकं स्वतःच्या खांद्याशी ओढून घेतलं, आणि तेव्हा कुठे ती रडली.